ऑपरेशनपुरता शहाणपणा?

सातारकर:
बाबांचं (वय ६७) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. त्याआधी चार आठवडे तयारी करून घेतली होती: दोन वेळा चालणं, खुर्चीवरून उठबस, श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं यंत्र फुंकणं, रोज अंडी-पनीर-उसळ आणि बिडी बंद. शाळकरी पोरासारखं सगळं ऐकत होते. आता चालणं देवळापर्यंत, तेही चतुर्थीलाच. उसळ म्हटलं की 'पोट धरतं'. परवा शर्टाच्या खिशात काडेपेटी सापडली. मला तर ही तयारी म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी वाटायला लागलीये. पेपर झाला, पाटी कोरी. मग एवढा खटाटोप कशाला?

निवांत:
पेपर सुटला ना? मग झालं की! आतड्याच्या कॅन्सरच्या २५१ रुग्णांवरची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. चार आठवडे तयारी केलेल्यांत ऑपरेशननंतर गंभीर गुंतागुंत शंभरात साधारण १७ जणांना, बाकीच्यांत ३० जणांना. तेवढ्यासाठीच होतं ते. आता माणसाला जगू द्या. माझ्या आईचं गोड आम्ही तोडलं होतं. शेवटची दोन वर्षं ती पेढा चोरून खायची. अजून आठवलं की घास उतरत नाही.

फिजिओ वहिनी:
निवांत, पेढ्याच्या पंगतीत बिडीला बसवू नका.
आणि सातारकर, ते यंत्र फुंकायचं नसतं हो, श्वास आत ओढायचा असतो! निम्मे पेशंट हेच करतात, नातेवाईक बाजूला उभे राहून 'जोरात फुंका' म्हणतात.
मुद्द्याचं बोलते. २०२५ मध्ये आणखी एक चाचणी आली. याच आजाराचे ८८९ रुग्ण, ऑपरेशन आणि किमो झालेले. एका गटाला तीन वर्षं व्यायामासाठी मार्गदर्शक, दुसऱ्याला नुसत्या माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणारे पहिल्या गटात ८०%, दुसऱ्यात ७४%. म्हणजे नंतरचं चालणंही वाया जात नाही. पण ऑपरेशनआधी समोर तारीख असते, मागे लागणारं माणूस असतं. डिस्चार्ज मिळाला की दोन्ही जातं. आमच्याकडेही फाइल बंद होते, हे कबूल करते.

निवांत:
तीन वर्षं मागे लागणारं माणूस आणायचं कुठून? शेवटी सुनेच्याच गळ्यात पडणार ना ते?

सातारकर:
पडलंच होतं. अंडी बायकोच उकडायची, स्वतःची नोकरी सांभाळून. चालायला मी जायचो, रजा टाकून. रजा संपली त्याच आठवड्यात बाबांचं चालणंही थांबलं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. वहिनी, फुंकण्याचं घरी सांगितलं, सगळे हसले.
काडेपेटीचं विचारलं तर म्हणाले, देवघरातली आहे.
आमच्या देवघरात लायटर असतो.