सहा चौकटींत सिनेमा, आणि उरलेलं पाणी?

मागची रांग: काल एकाने आवडत्या सिनेमाची सहा चौकटींची चित्रपट्टी टाकली. चित्रं बरी होती, हे आधीच सांगतो. पण वर मथळा काय, तर 'जो सिनेमा सहा चौकटींत बसत नाही, त्यात पाणी घातलेलं असतं.' वाचून डोकंच फिरलं. सेकंदाला २४ फ्रेम्स धरल्या तर अडीच तासांच्या २,१६,००० होतात. त्यातल्या सहा उचलायच्या आणि बाकी सगळं पाणी? पट्टीत नायक भेटतो, भांडतो, पळतो, पडतो, उठतो आणि खलनायक त्याचा भाऊ निघतो. गोष्ट कळली, सिनेमा कुठे गेला? त्यात नायिका दाराशी येते, कडीवर हात ठेवते आणि तशीच उभी राहते. दार उघडत नाही. त्या कडीसाठी मी तो सिनेमा चारदा पाहिलाय. पट्टीत कडी नाही.

टाकबोरू: पट्टी माझीच. कडीवर एक चौकट खर्च केली असती तर लोकांनी विचारलं असतं, हा हात कुणाचा? आणि स्थिर चित्रांचं एवढं वावडं असेल तर क्रिस मार्करचा 'ला जेते' (१९६२) बघा. २८ मिनिटं, जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा. सत्यजित राय यांनीही 'पथेर पांचाली'साठी रीतसर पटकथा न लिहिता चित्रांची आणि टिपणांची वही केली होती. तेही अडाणी का?

मागची रांग: 'ला जेते'तला प्रत्येक फोटो किती वेळ दिसणार ते मार्कर ठरवतो, सोबत निवेदकाचा आवाज असतो. तुमच्या पट्टीवरून माझा अंगठा दोन सेकंदांत पुढे सरकला. रायांची वही शूटिंगसाठी होती, वाचकांसाठी नव्हे. उदाहरण कुणाच्या बाजूने बोलतंय ते तरी बघत जा.

अनुस्वार: अवांतर, पण मला कडीपेक्षा संवादांच्या फुग्यांनी छळलं. इंग्रजी कॉमिकवाले बहुतेक सगळं कॅपिटलमध्ये लिहितात, ओळी चिकटल्या तरी चालतं. आपल्याकडे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारात घुसतो. चौथ्या फुग्यातलं 'मूर्ख' मला तीनदा वाचावं लागलं. आधी फुगे मांडायचे, उरलेल्या जागेत तोंडं काढायची.

टाकबोरू: हाताने लिहिलंय हो. फाँट वापरला असता तर म्हणाला असतात, जीव नाही.

अनुस्वार: म्हणालोच असतो. पण तिसऱ्या चौकटीला माफी नाही. उजवीकडचा आधी बोलतो, त्यामुळे उत्तर आधी वाचलं जातं आणि प्रश्न नंतर. आधी बोलणारा डावीकडे घ्या, नाहीतर त्याचा फुगा तरी वर चढवा.

टाकबोरू: सिनेमात तो उजवीकडेच उभा आहे!

अनुस्वार: सिनेमात आवाज ऐकू येतो. कागदावर डावी बाजू आधी येते. एवढं कळत नसेल तर चित्रपट्ट्या कशाला काढता?

टाकबोरू: तुम्ही एक तरी काढलीय का आयुष्यात?

इंटरव्हल: अर्धा धागा फुग्यांवर गेला. सहाव्या चौकटीत शेवट फोडलाय, त्याचं काय? मी तो सिनेमा पाहिला नव्हता. आणि मागची रांग, तुम्ही तो वर पुन्हा लिहिलात, धन्यवाद.

टाकबोरू: सिनेमा येऊन वीस वर्षं झाली. किती थांबायचं?

इंटरव्हल: मी पाहीपर्यंत.

कोरा कागद: आजीला शेवटी शेवटी ऐकू येत नसे. तिच्या लाडक्या सिनेमाची मी आठ चौकटींची पट्टी काढून दिली, संवाद मोठ्या अक्षरांत. एका चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "ही हसतेय की रडतेय?" म्हटलं, रडतेय. "छे, आधी हसते, मग रडते." मग मी त्या चौकटीच्या दोन केल्या. एकीत हसू, दुसरीत नुसती पाठ. संवाद खोडून टाकला. पट्टी नंतर तिच्या उशाशीच असायची. सहाचा हट्ट घातलाय कुणी?

मागची रांग: आजींपुढे काय बोलणार. पण संवाद खोडून पाठ काढलीत, मी तरी वेगळं काय म्हणत होतो?

टाकबोरू: वा! आजीचं लगेच पटलं. असो. पळणं-पडणं काढून टाकलं. तिथे आता कडीवर हात, शेजारी नुसती कडी. फुगा नाही, अनुस्वारांना त्रास नको. शेवटही कापला. नवी पट्टी टाकलीय, झालं समाधान?

मागची रांग: नुसती कडी म्हणजे ती निघून गेली. सिनेमात ती जात नाही, तिथेच उभी असते. पण अंगठा थांबला, हे कबूल.

अनुस्वार: पहिल्या फुग्यात अजून 'तूं' आहे. असे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीच गेले, तुमच्या 'ला जेते'च्याच वर्षी.

टाकबोरू: हेमाशेपो. हे माझं शेवटचं पोस्ट.