शेत न विकता एमबीबीएस होईल का? अकरावीचा फॉर्म भरायच्या आधी विचारतेय (नाशिक)

उत्तमनगर_सिडको

नमस्कार. दहावीला ९२.४० टक्के मिळाले, विज्ञानात ९६. डॉक्टर व्हायचंय. का व्हायचंय ते लिहीत बसत नाही, घरी तो विषय कधीच मिटलाय. अडलंय ते पैशापाशी.

पप्पा सातपूर एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहेत. आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. भाऊ सातवीत. सगळं धरून वर्षाचे पाच लाखही होत नाहीत. आम्ही ओबीसीत मोडतो. सिन्नर तालुक्यात आजोबांच्या नावावर दीड एकर कोरडवाहू रान आहे, आजी-आजोबा त्यात अजून बाजरी आणि मूग घेतात. पप्पा म्हणतात, वेळ आली तर ते विकू. मला ते नको आहे. ज्यांनी आयुष्यभर ते रान राखलं त्यांना म्हातारपणी आमच्या दोन खोल्यांत आणून बसवायचं, हे मला पटत नाही. मी बोलायला गेले की पप्पा म्हणतात, तू अभ्यासाचं बघ.

रविवारी कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेलो होतो. तिथल्या सरांनी पप्पांना पहिलाच प्रश्न केला, "बजेट किती धरलंय?" पप्पा म्हणाले, आधी काय काय असतं ते तरी सांगा. तर त्यांनी माहितीपत्रकाच्या मागे पेनने लिहिलं: २४ लाख गुणिले साडेचार वर्षं. खाली रेघ मारली, १ कोटी ८ लाख. हे टाळायचं असेल तर आमची दोन वर्षांची इंटिग्रेटेड बॅच घ्या म्हणाले, ३ लाख २० हजार, कॉलेजला जायची गरज नाही. पप्पांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत गाडीवर एक शब्द बोलले नाहीत.

मामा म्हणतात राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला पाठवा, त्यांच्या मित्राचा मुलगा तिथूनच लागला.

मला एवढंच सांगा. कमी खर्चात एमबीबीएस होतं ती कॉलेजं कुठली, ती ओळखायची कशी? अकरावीला काय घेऊ म्हणजे पुढे अडणार नाही? आणि कागदपत्रं कुठली आत्ताच करून ठेवू?

धुळे_जीएमसी_इंटर्न

अगं, तो आकडा डीम्डचा आहे, म्हणजे अभिमत विद्यापीठाचा. तो कागद पप्पांकडून मागून घे आणि फाडून टाक. मी नाशिकरोडचा, वडील रिक्षा चालवतात, धुळ्याच्या शासकीय कॉलेजात माझी इंटर्नशिप चालू आहे. आमच्या घरातलं काही विकावं लागलेलं नाही.

कॉलेजचं नाव नंतर बघ, जागा कुठल्या कोट्यातली आहे ते आधी बघ. नीट ही प्रवेश परीक्षा एकच, अभ्यासक्रम एकच, तरी शासकीय किंवा महापालिकेच्या कॉलेजातली मुलगी वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात फी भरते आणि डीम्डमधली वीस-पंचवीस लाख. मधे खासगी कॉलेजं येतात. त्यांची राज्य कोट्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, कॉलेजागणिक ती बरीच वेगळी असते, आणि प्राधिकरणाच्या वेबसाइटवर बघायला मिळते. पण त्याच खासगी कॉलेजात १५ टक्के जागा संस्थेच्या म्हणजे व्यवस्थापन कोट्यातल्या असतात, त्यांची फी कित्येक पट. कुणी "सीट करून देतो" म्हणालं की तो याच जागांबद्दल बोलतोय असं समज.

घराजवळचं म्हणशील तर आता नाशिकलाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या दहा नव्या शासकीय कॉलेजांचं उद्घाटन झालं त्यातलं एक. आडगावचं मविप्रचं आणि घोटीजवळचं एसएमबीटी ही दोन्ही खासगी, हे लोकांना माहीत नसतं, शहरातलं कॉलेज म्हणजे स्वस्त असं धरून चालतात. नाशिकच्या पुढे धुळे, जळगाव, नंदुरबार, छत्रपती संभाजीनगर. पण तिथेच थांबू नकोस. पूर्वी ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, तो २०२० मध्ये रद्द झाला. आता गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंत शासकीय जागांवर नाशिकच्या मुलीचा सारखाच हक्क आहे. शिवाय शासकीय कॉलेजात मुलींना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. गोंदिया लांब पडतं म्हणून ते यादीतून गाळायचं आणि खासगीत लाखो भरायचे, असं करणारे पालक दरवर्षी बघतो आणि जीव तुटतो. पदवी सगळ्यांना आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचीच मिळते, पुण्याचं बी. जे. असो की नंदुरबार.

लहान गावातलं कॉलेज म्हणजे शिकायला कमी, असं कुणी म्हणालं तर धुळ्यात चक्करबर्डीला येऊन आमचं कॅज्युअल्टी बघ म्हणावं. साक्रीकडून, शिरपूरकडून, पार मध्य प्रदेशच्या हद्दीवरून माणसं येतात. पावसाळ्यात रात्री दोनला सर्पदंशाचा पेशंट येतो, पापण्या मिटायला लागलेल्या असतात, नातेवाइकांनी पायाला दोरी करकचून बांधलेली असते. ती दोरी सोडताना काय काळजी घ्यायची हे मी तिथे उभं राहून शिकलो.

खर्च म्हणशील तर हॉस्टेल स्वस्त आहे, मेसला महिना साडेतीन-चार हजार, पुस्तकं सिनियरकडून निम्म्या किमतीत. फी साडेचार वर्षांची, इंटर्नशिपच्या वर्षी फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. पास झाल्यावर शासकीय कॉलेजवाल्यांना एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यावी लागते, नाही दिली तर १० लाख भरावे लागतात. ते वर्ष ओझं समजू नकोस, पगारी नोकरीच असते ती.

मामांच्या कोटा शहराचं मात्र लक्ष देऊन ऐक. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. बोर्ड कुठलंही चालतं, कॉलेज राज्यातलं हवं. राजस्थानात नाव घालून बारावी केलीस तर तुला फक्त देशपातळीवरच्या १५ टक्क्यांत, डीम्डमध्ये नाहीतर व्यवस्थापन कोट्यात उभं राहावं लागेल. मामांना हे सांग, त्यांचा हेतू चांगलाच आहे.

बायो_टीचर_नाशिक

अकरावीबद्दल मी सांगते, वीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतेय.

बाळा, फॉर्ममध्ये प्रत्येक कॉलेजपुढे अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित ते लिहिलेलं असतं. आरवायके, केटीएचएम, बिटको अशा जुन्या कॉलेजांच्या अनुदानित तुकड्या पसंतीक्रमात वर टाक. अनुदानित तुकडीत मुलींना शिकवणी शुल्क नसतं, किरकोळ शुल्कात वर्ष निघतं. तुझ्या टक्क्यांना अवघड नाही, पण एकाच कॉलेजवर अवलंबून राहू नकोस.

"कॉलेजला जायची गरज नाही" या वाक्याला भुलू नकोस. एमबीबीएस प्रवेशाला पात्र व्हायलाही बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० आणि तुम्हाला ४० टक्के लागतात. तुला ते जमेल, माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या मुलीने कांद्याच्या मुळाची स्लाइड हाताने केलेली असते तिला तो धडा पाठ करावा लागत नाही. वर्षभर न आलेली मुलं प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मायक्रोस्कोपला डोळा कुठे लावायचा विचारतात.

नीटला १८० प्रश्न, त्यातले ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. हा निम्मा पेपर एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचून निघतो, त्याला तीन लाख लागत नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलांना फिजिक्स अडतं. तेवढ्यापुरता एखादा चांगला क्लास आणि एक टेस्ट सिरीज घे.

आणि हे आजच बघ: महाज्योती, ही राज्य शासनाची संस्था आहे. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, नॉन-क्रिमीलेअर मुलांना दहावीनंतर नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देतात, सोबत टॅबलेट आणि इंटरनेट डेटा. दहावीच्या निकालानंतर अर्ज निघतात, तारीख चुकवू नकोस. माझ्या वर्गातल्या विल्होळीच्या एका मुलीने हे प्रशिक्षण, महापालिकेची अभ्यासिका आणि एनसीईआरटी एवढ्यावर शासकीय जागा मिळवली. ती हुशार होती हे खरं, पण तिच्या घरी तुझ्यापेक्षाही ओढाताण होती.

देवळाली_कॅम्पची_आई

माझी मुलगी खासगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, राज्य कोट्यातून, आणि आम्ही शिकवणी शुल्क भरत नाही. हे अनेकांना अजून माहीत नाही म्हणून लिहितेय.

जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क १०० टक्के शासन भरतं. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच, म्हणजे राज्याच्या सीईटी सेलकडूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला नाही, अभिमत विद्यापीठांना नाही. म्हणजे तुला शासकीय थोडक्यात हुकलं तरी राज्य कोट्यातली खासगी जागा परवडू शकते. शेत विकायचा विषय निघायच्या आधी पप्पांना हा निर्णय वाचायला दे.

फुकट मात्र नाही. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, अनामत हे आपलं आपण. आमचे वर्षाला दोन लाखांच्या आसपास जातात, त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढलंय. साडेसात लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही. शुल्कमाफीसाठी महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर आम्हाला सांगितलं, आधी पूर्ण फी भरा, शासनाकडून आली की परत देऊ. कॉलेजचं नाव घेत नाही. यजमानांनी पिशवीतून शासन निर्णयाची प्रत काढली आणि शांतपणे म्हणाले, "हेच मला लेखी द्या." आतून फोन झाले, तासाभराने हमीपत्रावर प्रवेश दिला. प्रत जवळ नसती तर त्या दिवशी आम्ही दागिने घेऊन सराफाकडे गेलो असतो.

सुभाषरोड_काका

माझा भाचा कझाकस्तानात एमबीबीएस करतोय. सगळं मिळून खासगीपेक्षा स्वस्त पडतं. तोही विचार करावा.

धुळे_जीएमसी_इंटर्न

काका, जाणाऱ्याने जावं, पण नियम बघून. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम हवा, तोही इंग्रजीतून, वर १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच, मग इथे येऊन परवाना परीक्षा आणि पुन्हा इंटर्नशिप. ती परीक्षा पास होईपर्यंत मुलं चाचपडतात, घर तोवर कर्जाचे हप्ते भरतं. हिच्याकडे राज्य कोटा आणि शुल्कमाफी दोन्ही असताना हा रस्ता आधी धरायचं कारण मला दिसत नाही.

ताई, तुला एक सांगायचं राहिलं. कटऑफचे गुण बघून घाबरू नकोस. २०२४ ला ७२० पैकी ७२० घेणारे होते, २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. आपल्याकडचा शासकीय कटऑफ त्या एका वर्षात शंभरहून जास्त गुणांनी खाली आला. सीईटी सेलच्या जुन्या याद्या उघड आणि तुझ्या प्रवर्गात शेवटची जागा राज्याच्या कितव्या क्रमांकाला गेली ते लिहून ठेव. गुण दरवर्षी हलतात, क्रमांक फार हलत नाही. देशपातळीच्या १५ टक्क्यांसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तो वेगळा काढायचा. एम्स नागपूर त्याच देशपातळीच्या प्रवेश प्रक्रियेतून भरतं आणि तिथली वर्षाची फी काही हजारांत आहे. पुण्याच्या एएफएमसीला फीच नाही, त्याबदल्यात लष्करात सेवा, मुलींच्या जागा मात्र कमी.

उत्तमनगर_सिडको

दादा, मॅडम, काकू, तुम्ही लिहिलेलं सगळं पप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. शासन निर्णयाचं वाचल्यावर त्यांनी परत वाच म्हणून सांगितलं. मामांना आईने फोन केला, कोटा शहराला जायचं मिटलं. महाज्योतीची वेबसाइट बघून ठेवलीय. फॉर्ममध्ये आरवायके पहिलं टाकतेय.

आता एकच विचारते. माझा जातीचा दाखला आहे, पण जात वैधता (तो दाखला तपासून समिती देते ते प्रमाणपत्र) घरात कुणाचीच नाही, पप्पांचीही नाही. आजोबा चौथीपर्यंत गावच्या शाळेत शिकले, त्यांच्याकडे कागद काहीच नाही. कुठून सुरुवात करू?

देवळाली_कॅम्पची_आई

आजोबांच्या शाळेपासूनच कर. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आजोबा तेव्हा शाळेत असतील तर त्यांच्या नावापुढे जात लिहिलेली जनरल रजिस्टरची नोंद हाच तुझा सगळ्यात भक्कम कागद. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि सही-शिक्क्याचा उतारा मागा. रजिस्टर जीर्ण असतं, पान उलटताना फाटतं, म्हणून मोबाइलवर फोटोही काढून घ्या. नाव किंवा आडनाव वेगळं लिहिलेलं असेल तर तसंच घ्या, खाडाखोड करू देऊ नका, फरकाचं प्रतिज्ञापत्र नंतर करता येतं. तिथे नाही मिळालं तर सिन्नर तहसीलमध्ये जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ ची नोंद शोधायला सांगा.

अकरावीला प्रवेश झाला की कॉलेजचं पत्र घेऊन जात पडताळणी समितीकडे अर्ज टाक, बारावीपर्यंत थांबू नकोस. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर सेतूतून निघतं, त्याची मुदत प्रवेशाच्या वर्षी चालू असायला हवी, त्यामुळे ते पुन्हा काढावं लागेल. डोमिसाइल एकदाच.

शाळेत आजोबांना सोबत घेऊन जा. शनिवारी शाळा सकाळची असते, नऊच्या आत पोहोचा.