मोहरे डाँडा (नेपाळ): पाच दिवसांत करायचाय, कुठून चढावं आणि कुठे उतरावं?

पायवाट_शोधतोय

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं जाणार आहोत: मी, भाऊ आणि आई (वय ६३, रोज ५-६ किमी चालते, उतारावर उजवा गुडघा कुरकुरतो). पोखरा ते पोखरा पाच दिवस आहेत, फार ताणलं तर सहा. पून हिलची (तिथली सूर्योदय बघायची गाजलेली टेकडी) पहाटेची रांग नकोय. गाईड घेणारच आहोत, तंबू नको, लॉजमध्येच राहायचं. नकाशा बघून मोहरे डाँडा (डाँडा म्हणजे डोंगराची धार) ठरवलाय. प्रश्न असे:

१. गलेश्वर-नांगीकडून चढावं की उल्लेरी-घोरेपानीकडून?
२. परमिटं नक्की कोणती, आणि भारतीयांना किती?
३. उंचीचा त्रास होण्याइतकी ही जागा उंच आहे का?
४. गाईडशी बोलताना काय काय आधीच ठरवून घ्यायचं?

उभाचढ

जागा चांगली निवडलीत. पून हिल ३२१० मीटर, मोहरे साधारण ३३००. समोरचा देखावा जवळपास तोच, गर्दी मात्र त्याच्या पासंगालाही नाही. खरा फरक वेगळाच आहे. पून हिलला मुक्काम खाली घोरेपानीत (२८६०) असतो आणि पहाटे चारला बॅटरी लावून वर पळावं लागतं. मोहरेला लॉज डाँड्यावरच आहे. खोलीतून बाहेर आलात की समोर धवलागिरी.

गलेश्वरकडून चढा, घोरेपानी-उल्लेरीकडून उतरा. कारण आईंचा गुडघा. उलटं केलंत तर मोहरेहून नांगी (२३००) हा हजार मीटरचा उतार एका दिवसात, आणि दुसऱ्या दिवशी बांसखर्कापर्यंत (सुमारे १५००) आणखी आठशे. घोरेपानीच्या बाजूने उतार दोन दिवसांत विभागला जातो. उल्लेरीत (१९६०) जीप मिळते, त्यामुळे उल्लेरी ते तिखेढुंगा हा कुप्रसिद्ध दगडी पायऱ्यांचा टप्पा टळतो. तीन हजारांच्या वर पायऱ्या आहेत तिथे, आणि गुडघ्याची वाट लागते ती चढताना नव्हे, उतरताना.

दिवस असे पडतात:

पहिला: पोखरा ते बेनी ८० किमी, पुढे गलेश्वर. तीन-चार तास धरा, रस्त्याचं काम चालू असेल तर जास्त. जेवून बांसखर्काकडे चालायला लागा.
दुसरा: बांसखर्का ते नांगी, ५-६ तास, जवळजवळ सगळा चढ.
तिसरा: नांगी ते मोहरे, ५-६ तास, हजार मीटर चढ, वरचा भाग गुरांसाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलातून. वाटेत खाण्यापिण्याची सोय धरू नका. नांगीतूनच डबा आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या.
चौथा: मोहरे ते घोरेपानी, ४-५ तास, धारेवरून चढउतार.
पाचवा: घोरेपानी ते उल्लेरी तीनेक तास, मग जीपने पोखरा.

गाईड ‘तेर्सो’ म्हणाला की सपाट वाट असं समजायचं. प्रत्यक्षात दोनशे मीटर वर, दोनशे मीटर खाली, झालं सपाट.

एक मोह टाळा. गलेश्वरला जीपवाले ‘वर गावापर्यंत सोडतो’ म्हणतील. दिवस वाचतो, पण ८२० मीटरवरच्या पोखऱ्याहून दुसऱ्याच रात्री ३३०० वर झोपणं अंगाशी येऊ शकतं.

धुकेरी

कागदपत्रांचं सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागतं: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालतं ते फक्त १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना. तुमची आई ६३ची, म्हणजे आधारवर भिस्त ठेवली तर विमानतळावरच अडकाल. त्यांचं मतदार कार्ड आत्ताच काढून बघा. फोटो धूसर आणि नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर सरळ पासपोर्ट न्या.

परमिट दोन. पहिलं अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं, ज्याला सगळे ‘अ‍ॅकॅप’ म्हणतात: सार्क देशांतल्या लोकांना १००० नेपाळी रुपये, इतर परदेशी लोकांना ३०००. दुसरं टिम्स कार्ड, म्हणजे ट्रेकरची नोंदणी, तेही सार्कसाठी १०००. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाईड सक्तीचा आहे आणि टिम्स नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतं. तुम्ही गाईड घेताच आहात, तेव्हा ते काम त्यांच्याकडे. निघण्याआधी कागदावर नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक स्वतः वाचून बघा. पासपोर्ट साइझ फोटो माणशी चार ठेवा.

अ‍ॅकॅप पोखऱ्यातच काढा. नांगीच्या बाजूने चढताना कुणी विचारलं नाही म्हणून लोक निर्धास्त होतात आणि उतरताना घोरेपानी-बिरेठाँटीच्या चौकीवर सापडतात. तिथे दुप्पट शुल्क भरावं लागतं.

पैसे: १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी, हा दर १९९३ पासून पक्का बांधलेला आहे, त्यामुळे दलालाशी घासाघीस करण्यासारखं त्यात काही नाही. भारतीय शंभराच्या नोटा सर्रास चालतात. त्याहून मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेत, म्हणून पोखऱ्यातच नेपाळी रोकड करून घ्या. शहरात क्यूआरवर यूपीआय चालतं, डाँड्यावर ते गृहीत धरू नका. बेनीनंतर एटीएम मिळेल या आशेवर राहू नका. राहणं-खाणं माणशी दिवसाला ३००० ते ४००० नेपाळी धरून चाला. गरम पाण्याची आंघोळ आणि चार्जिंग बऱ्याच ठिकाणी वेगळं मोजतात.

दगडधोंडे

उभाचढ यांच्या वेळापत्रकाशी एका मुद्द्यावर असहमत.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम. नांगी २३०० आणि मोहरे ३३००. नियमाच्या अक्षरात बसतं, कारण तीन हजारांच्या वरचे तीनशेच, पण एकूण उडी हजाराची आहे आणि काही जणांना पहिल्या रात्री डोकेदुखी होणारच. उल्लेरी, घोरेपानी, मोहरे असं गेलात तर शेवटची उडी जेमतेम ४४० मीटरची. म्हणजे फुप्फुसांना घोरेपानीची बाजू सोयीची आणि गुडघ्यांना नांगीची. गुडघा आधीच दुखरा आहे, तेव्हा मीही शेवटी नांगीच म्हणेन. पण तिसऱ्या दिवशी सकाळी सातला निघा आणि ५-६ तासांची वाट आठ तासांत करा. दम लागून बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त आहे असं समजायचं.

उंचीच्या त्रासाची लक्षणं: डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं. नुसती डोकेदुखी असेल तर तिथेच थांबा, पाणी प्या, साधी गोळी घ्या. डोकेदुखीसोबत उलट्या असतील, किंवा सरळ रेषेत चालता येत नसेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर उजाडायची वाट बघू नका. गाईडला उठवा आणि खाली उतरा. ५०० मीटर उतरल्यावरही बहुतेकदा फरक पडतो. डायमॉक्सचा (उंचीच्या त्रासावरची गोळी) प्रतिबंधक डोस सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा औषधोपचार चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. या वयात तर नाहीच. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य.

थंडीचा हिशेब सोपा आहे. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. नोव्हेंबरात पोखऱ्याला पहाटे १३ असेल तर मोहरे अडीच हजार मीटर वर, म्हणजे १६ अंश कमी: शून्याखाली तीन. वारा वेगळा. लॉजच्या भिंती पातळ असतात, खोल्यांत शेगडी नसते, ऊब काय ती जेवणाच्या खोलीतल्या चुलीची, तीही जेवणं उरकेपर्यंत. लॉजच्या ब्लँकेटवर विसंबू नका, शून्य अंशाची स्लीपिंग बॅग पोखऱ्यात भाड्याने मिळते. घेताना चेन दोनदा वरखाली करून बघा आणि ती फुगते का ते पाहा. भाड्याच्या बॅगांतली पिसं गठ्ठा होऊन बसलेली असतात, मग आतला थर नावालाच उरतो.

पायवाट_शोधतोय

खूप उपयोगी. आईचं मतदार कार्ड बघितलं, फोटो ओळखू येत नाही, पासपोर्टच नेतो. आता सहावा दिवस काढायचा झाला तर तो पोखऱ्यात ठेवावा का, परतीच्या विमानासाठी? आणि गाईडचं राहिलंच.

उभाचढ

पोखऱ्यात नका ठेवू, मोहरेला ठेवा. लांब चालून येऊन एकच सकाळ हाती ठेवायची आणि नेमकं तेव्हाच ढग, हा या ट्रेकमधला सर्वांत सामान्य मनस्ताप. दोन रात्री राहिलात तर दोन संध्याकाळी आणि दोन पहाटा मिळतात. शिवाय दगडधोंडे म्हणतात त्या हजार मीटरच्या उडीनंतर शरीरालाही दिवस मिळतो. आकाश पहिल्याच सकाळी उघडलं तर तिथेच ठरवून खाली निघा.

संध्याकाळ सोडू नका, हे मुद्दाम सांगतोय. नोव्हेंबरात सूर्य आग्नेयेकडून उगवतो. सकाळचं पहिलं ऊन पश्चिमेकडच्या धवलागिरीवर (८१६७) समोरून पडतं. त्याच वेळी उजवीकडचा अन्नपूर्णा साउथ (७२१९) आणि माछापुच्छ्रे (६९९३) उजेडाच्या विरुद्ध, नुसत्या काळ्या कडा दिसतात. त्यांची पश्चिमेची बाजू उजळते मावळतीला. पून हिलहून पहाटे फोटो काढून परतणाऱ्यांच्या वाट्याला अर्धाच पट येतो तो यामुळे.

डावीकडून उजवीकडे ओळखायचा क्रम: धवलागिरी, टुकुचे, मग काली गंडकीची खोल खाच, निलगिरी, अन्नपूर्णा १ (८०९१), बराहशिखर, अन्नपूर्णा साउथ, हिउंचुली, माछापुच्छ्रे. ती खाच लक्षात ठेवली की बाकी आपोआप लागतात.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. फोनला नेपाळी सिम नसेल तर तो भारतीय वेळच दाखवत राहील आणि तुम्ही पाव तास उशिरा उठाल. सूर्योदय साडेसहाच्या आतबाहेर, म्हणून पावणेसहाला बाहेर उभे असा. बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत घ्या, गारठ्यात त्या झपाट्याने मान टाकतात. नऊ-दहानंतर दरीतून ढग चढायला लागतात.

धुकेरी

गाईडबद्दल. परवाना कार्ड बघायला मागा, कुणी रागावत नाही. दिवसाचे ३५०० ते ४५०० नेपाळी धरा; पोर्टर २५०० ते ३५००. या रकमेत त्यांचं जेवण-राहणं धरलंय का, जीपचं भाडं कुणाचं, परतीचा दिवस मोजणार का आणि लवकर उतरलो तर उरलेल्या दिवसाचं काय, ही चार उत्तरं लेखी घ्या. फोनवरच्या मेसेजमध्ये असली तरी चालतील. विमा एजन्सीने गाईड-पोर्टर दोघांचा उतरवलेला असला पाहिजे.

तुम्ही तिघं असाल तर एक पोर्टर घ्याच. आईंच्या पाठीवर पाणी आणि जाकीट यापलीकडे काही नको. तिघांचं मिळून २० किलोच्या आत बसवा. पोर्टरकडे थंडीचं जाकीट आणि नीट बूट आहेत ना, हे पहिल्या सकाळी तुम्ही स्वतः बघायचं.

मोहरेच्या खोल्या मोजक्याच. गाईडने पोखऱ्यातून फोन करून दोन रात्री पक्क्या कराव्यात आणि नांगीहून निघताना पुन्हा एकदा विचारावं. नांगी-मोहरेचे लॉज गावकऱ्यांनी मिळून चालवलेले सामुदायिक लॉज आहेत. नांगी हे महाबीर पुन यांचं गाव. डोंगरातली खेडी वायरलेसने जोडण्याच्या कामासाठी त्यांना २००७ चा रेमन मॅगसेसे मिळाला, आणि त्या जाळ्याचं एक रिले केंद्र याच मोहरे डाँड्यावर उभारलं होतं. वेळ असेल तर नांगीची शाळा आणि हातकागदाचं काम बघा.

जेवायला दालभातच घ्या. भात-डाळ पुन्हा वाढतात, आणि वीस माणसांच्या स्वयंपाकघरात तुमचा एकट्याचा पिझ्झा तासभर चूल अडवतो. जिथे झोपायचं तिथेच जेवायचं, खोलीचं भाडं त्या हिशेबानेच कमी ठेवलेलं असतं. ऑर्डर पोचल्या पोचल्या द्या.

दगडधोंडे

पाण्याचं राहिलं. धारेवरच्या लॉजवर पाणी जपून वापरायचं असतं, बादलीभर आंघोळ नांगीत उरकून घ्या. बाटल्या विकत घेऊ नका, उकळलेलं पाणी मागा. क्लोरीनच्या गोळ्या वापरल्या तर पाकिटावर अर्धा तास लिहिलेला असला तरी बर्फासारख्या पाण्यात तासभर ठेवा.

आईंना दोन काठ्या द्या. उतारावर त्या पाचेक सेंटीमीटर लांब करून आधी काठी, मग पाय. गुडघ्याचा पट्टा नवा घेणार असाल तर घरी आठवडाभर वापरून बघा, नाहीतर मागे घासून कातडी सोलते. चौथ्या दिवशी सकाळी धारेच्या सावलीतल्या बाजूला पाचोळ्याखाली दव गोठलेलं असतं आणि गुळगुळीत दगड दिसत नाहीत. ऊन वाटेवर आल्यावर, आठ-साडेआठला निघालात तरी दुपारी घोरेपानीत पोचता.