पहिली शॉटगन: माळावरच्या पक्ष्यांसाठी १२ बोअर की २० बोअर?

रानवाट:
पहिली शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, घ्यायची आहे. परवाना हातात आहे, सुरक्षेचं प्रशिक्षण झालंय, हंगामाला तीन महिने आहेत. मुख्यतः लावा आणि चकोर, कधीमधी फेझंट. कुत्र्यामागे चालायचं आणि उठलेल्या पक्ष्यावर बार टाकायचा. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चाल होईल. नळीचं माप १२ बोअर घ्यावं की २०? उभी दुनळी (एकीवर एक नळी), आडवी दुनळी (शेजारी-शेजारी नळ्या) की सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप चढणारी)? नळी २६ इंची की २८? दुकानात खांद्याला लावून पाहिल्या, तर सगळ्याच बऱ्या वाटतात. माझी उंची ५ फूट ५ इंच आहे, उजव्या खांद्यावरून मारतो.

जुना चाप:
बोअर नंतर ठरवा. सगळ्याच बऱ्या वाटतात, कारण दुकानात आपण आधी बंदूक लावतो आणि मग मान हलवून डोळा नळीच्या रेषेत आणतो. पक्षी भुर्रकन उठल्यावर मान हलवायला सवड नसते. शॉटगनला मागची माशी (नेम धरायची खूण) नसते, तुमचा डोळाच मागची माशी. तो दरवेळी एकाच जागी आला नाही तर बार दरवेळी वेगळीकडे जाणार.

त्यामुळे तपासायचं असं. बंदूक उघडून रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. शिकारीचं जाकीट घाला, शर्टावर मोजलेला दस्ता (खांद्याला टेकतो तो लाकडी भाग) थंडीत लांब पडतो. भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघा. आता डोळे मिटून बंदूक उचला, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी ठिपक्यावर हवी आणि नळीवरची पट्टी अगदी थोडी दिसायला हवी. पट्टी दिसतच नाही, नुसता बंदुकीचा मागचा भाग दिसतो, तर दस्त्याची गालाखालची धार (वरची कड) तुम्हाला खाली पडते आणि बार खाली जाईल. पट्टी रस्त्यासारखी लांबलचक दिसली तर धार उंच आहे, बार वर जाईल. डोळा पट्टीच्या डावीकडे राहिला तर बार डावीकडे. उजव्या खांद्याच्या माणसाला अशा वेळी दस्ता थोडा उजवीकडे वाकवून घ्यावा लागतो. हे दहा वेळा करा. दहापैकी आठ-नऊ वेळा चित्र सारखं आलं की ती बंदूक तुमची.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर कारखान्यातून बहुधा १४ ते १४.५ इंच येतं. तुमच्या उंचीला ते जास्त होण्याची शक्यता आहे. गाल टेकल्यावर नाक आणि अंगठ्याचा सांधा यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. दस्ता लांब असला तर उचलताना काखेत अडकतो, आखूड असला तर अंगठा नाकावर आदळतो. लांब दस्ता कापून घेता येतो. कोपरात दस्ता धरून मापायची जी पद्धत सर्रास सांगतात तिच्यावर विसंबू नका, तिच्यात मानेची लांबी धरलेलीच नसते.

आणखी एक. तुमचा प्रधान डोळा, म्हणजे नेम धरताना ज्याचा जोर जास्त तो, कोणता ते आजच बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या वस्तूकडे बोट दाखवा, मग डावा डोळा मिटा. बोट तिथेच राहिलं तर उजवा डोळा प्रधान आहे. सरकलं, तर डाव्या खांद्यावरून मारायला शिका किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटी चिकटपट्टी लावा. हे सोडून नुसती महाग बंदूक घेतली तर पैसे वाया.

छर्रा सात:
जुना चाप यांच्याशी सहमत. आता बोअर आणि वजन. बोअरचा आकडा म्हणजे नळीच्या व्यासाचे शिशाचे किती गोळे एका पाउंडात बसतात तो. म्हणून १२ बोअरची नळी मोठी, सुमारे १८.५ मिमी, आणि २० बोअरची सुमारे १५.६ मिमी.

ग्रीनर या इंग्लिश बंदूककाराचा ९६ चा नियम अजून उपयोगी पडतो. बंदूक छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट तरी असावी. २८ ग्रॅमचं काडतूस असेल तर सुमारे २.७ किलो, ३२ ग्रॅमला सुमारे ३.१ किलो. त्याहून हलकी घेतली की धक्का खांद्याला जाणवतो, दुसरा बार उशिरा होतो आणि हळूहळू माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतो. ती सवय जायला फार वेळ लागतो.

लावा आणि चकोर जास्त असतील तर माझं मत २० बोअर, २.७ ते २.९ किलो, काडतूस २५ किंवा २८ ग्रॅमचं. फेझंटलाही अंतर आवाक्यात असेल तर २८ ग्रॅम पुरतं. फेझंट मुख्य असता तर १२ सांगितली असती. २० बोअरमध्ये ३ इंची मॅग्नम काडतूस मात्र सुरुवातीला नको. हलक्या बंदुकीतून जड बार म्हणजे वर सांगितलेलं दुखणं विकत घेणं.

छर्रे (नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक): लाव्याला ७½ किंवा ८ नंबर, चकोराला ६ ते ७½, फेझंटला ५ किंवा ६. २८ ग्रॅम शिशात ७½ नंबरचे साधारण ३५० छर्रे येतात, ६ नंबरचे २२५. लहान पक्ष्याला दाटी लागते, मोठ्याला खोलवर घुसणारा छर्रा.

नळी २८ इंची घ्या. छर्ऱ्यांच्या वेगात नावालाच फरक पडतो. फरक पडतो तो फिरण्यात: हलक्या बंदुकीवर आखूड नळी चटकन सुरू होते आणि तितक्याच चटकन थांबते. झोका थांबला की बार पक्ष्याच्या मागे.

मोकळी नळी:
सेमी-ऑटोला कोणी विचारतच नाही, म्हणून लिहितो. गॅसवर चालणारी सेमी-ऑटो धक्का पसरवते, नवशिक्या खांद्याला ती खरंच सोयीची. पण फार हलकं काडतूस काही बंदुकांत यंत्रणा पूर्ण मागे ढकलत नाही, रिकामी टोपी (उडालेल्या काडतुसाचं टरफल) अडकून बसते. रिकाम्या टोप्या लांब उडतात, त्या वेचाव्या लागतात. पंपमध्ये (हातानं मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक) घाईत हात पूर्ण मागे ओढला नाही तर पुढचं काडतूस चढतच नाही.

तरीही कुत्र्यामागे चालायचं असेल तर दुनळीच घ्या, मुख्य कारण सुरक्षा. मधोमध मोडून हातावर टाकली की दहा पावलांवरच्या सोबत्यालाही दिसतं की ती रिकामी आहे. कुंपण ओलांडताना, ओढ्यात उतरताना हे फार मोलाचं. दुसरं, दोन नळ्यांना दोन चोक (नळीच्या तोंडाशी असलेली आवळण, तिच्यावर छर्रे किती पसरतील ते ठरतं). पहिल्या बाराला पक्षी जवळ असतो, दुसऱ्याला लांब गेलेला असतो. उभी की आडवी हा डोळ्याच्या सवयीचा प्रश्न. एक नळी वर असली की बहुतेकांना रेषा लवकर सापडते.

रानवाट:
खूप आभार. डोळा तपासला, उजवाच आहे. आता २० बोअरची उभी दुनळी बघतोय, पण नवी बजेटबाहेर आहे. वापरलेली घेताना काय बघू? आणि दोन चोक कोणते?

जुना चाप:
चोक: पहिल्या नळीला इम्प्रूव्हड सिलिंडर (थोडा आवळलेला), दुसऱ्या नळीला मॉडिफाइड (मध्यम आवळलेला). फुल चोक (पूर्ण आवळलेला) पेटीतच राहू द्या. सुटा चोक काढून बार कधीही टाकू नका, नळीतले आटे खराब होतात. दर काही बारांनंतर चोक हातानं घट्ट आहे ना ते बघा.

वापरलेली बंदूक अशी बघा. पुढचं लाकूड काढा आणि बंद बंदूक दस्त्याला धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर बिजागरी झिजली आहे. बंदूक उघडायची वरची कळ बंद अवस्थेत मध्यरेषेच्या उजवीकडे थांबली तर कुलूप अजून ताजं आहे, डावीकडे गेली असेल तर बरीच वापरली आहे. नळ्या सुट्या करून खिडकीकडे धरा आणि आतून बघा. उजेडाची वर्तुळं अखंड हवीत. वर्तुळ मोडलं तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. फुगलेली नळी कितीही स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या. लाकूड लोखंडाला भिडतं तिथे, लोखंडाच्या मागे निमुळत्या गेलेल्या शेपटीशी, बारीक चीर असते, नखानं चाचपा. चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) लांबी नळीवर कोरलेली असते, ७० की ७६ मिमी ती वाचा. चेंबरपेक्षा लांब काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा न मिळाल्यानं दाब वाढतो.

घेतल्यावर कागद मारा. १.२ मीटर चौरस कागदावर मध्ये ठिपका. १५ मीटरवरून नेम न धरता, पक्ष्यावर मारतो तसे प्रत्येक नळीचे पाच बार, दर वेळी नवा कागद. छर्ऱ्यांचं केंद्र सरासरीनं जितके इंच बाजूला, तितके १/१६ इंच दस्ता हलवायचा. म्हणजे २ इंच खाली पडत असेल तर गालाची धार १/८ इंच उंच. चिकटपट्टीखाली पुठ्ठा लावून आधी खात्री करा, मग लाकडाला हात लावा.

छर्रा सात:
दोन गोष्टी राहिल्या.

काही ठिकाणी शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे. पोलादी छर्रे हलके, म्हणून आकार दोन नंबर मोठा घ्यायचा आणि चोक एक पायरी मोकळा. जुन्या घट्ट चोकच्या दुनळीत पोलाद नको.

दुसरी जास्त गंभीर. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत टाकलं तर ते चेंबर ओलांडून पुढे अडकतं. मागून नळी रिकामी दिसते, वर १२ चं काडतूस बसतं आणि बार झाला की नळी फुटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसं पिवळी करतात. सोबत्याची १२ असेल तर एकमेकांची काडतुसं खिशात येऊ देऊ नका, आणि निघण्यापूर्वी जाकिटाचे सगळे खिसे उलटे करून बघा.