पिनबॉलचा पंखा: बदलायचा, हळू करायचा की पेटीचंच तोंड बंद करायचं?

फ्लिपरवाला (गंगापूर रोड)

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या जागी आता पिनबॉल मशिन आहे. सोफा बाल्कनीत गेला, आणि त्यावरचं बायकोचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. पुण्यातलं एक गेमिंग पार्लर बंद झालं, त्यांच्याकडून सेकंडहँड उचललं. लहानपणी खिळे ठोकलेल्या फळीवर स्प्रिंगने गोटी उडवायचो ना, त्याचाच हा शंभर किलोच्या वरचा थोरला भाऊ.

तक्रार एकच. नव्या जातीच्या या मशिनच्या डोक्यात (म्हणजे मागच्या उभ्या पेटीत, बॅकबॉक्समध्ये) छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्याला थंड ठेवायला मागच्या प्लायवर ८० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा. बटण दाबलं की घूंऽऽ सुरू. खेळताना कळत नाही, कारण ८० ग्रॅमची पोलादी गोळी आणि कॉइलींचे (गोळी उडवणाऱ्या विद्युतचुंबकांचे) दणके यांच्यापुढे पंखा बिचारा काय बोलणार! पण गोळी खाली गेली, पुढचा खेळाडू चहा घ्यायला उठला, की घर घूंने भरतं. बाबा दुपारी आतल्या खोलीत आडवे होतात, त्यांना तिथपर्यंत ऐकू येतं.

नेटवर ज्याला त्याला एकच औषध माहीत: पंखा बदला. मी आधी वेगळं केलं. चारही स्क्रू काढले आणि पंखा वायरीसकट हातात धरला. चालूच होता. आवाज जवळपास गेला! नुसता वाऱ्याचा फुसफुस. तोच पंखा बोटाने प्लायला टेकवला की घूं परत हजर. टेकवला, उचलला, टेकवला, उचलला, दहा वेळा करून पाहिलं. तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर किती वाजते? वाजतो तो भोपळा. इथे भोपळा म्हणजे बॅकबॉक्स.

जुन्या सायकलच्या ट्यूबचे चार चौकोन कापून पंखा आणि प्लायच्या मध्ये घातले. तेवढ्याने निम्मंच काम झालं, कारण स्क्रू कंप पलीकडे नेतच होता. मग स्क्रू काढून झिप टाय लावल्या, त्याही फार न आवळता. आता बाबा झोपतात.

माझं मत: पंखा बदलणं हा शेवटचा उपाय. आधी पेटी बघा. कुणाला पटत नसेल तर बोला.

सातपूरचा फिटर

मला पटत नाही. तुम्ही आजारी माणसाला उशी दिलीत आणि म्हणताय बरा झाला.

पार्लरमधलं मशिन रोज १२ तास चाललं असं धरा. वर्षाचे ३०० दिवस, पाच वर्षं. झाले १८,००० तास. त्यात स्वस्तातला बुशवाला (दांडा साध्या तेलकट नळीत फिरतो तसला) पंखा असेल तर बुशमधलं तेल कधीच सुकलं असणार. तेल गेलं की दांडा बुशमध्ये हलतो, पाती डोलतात आणि तो डोल प्लायला जातो. पेटी वाजते हे खरं, पण तिला वाजवणारा कोण? पंखाच.

मशिन बंद करून, प्लग काढून, पातं बोटाने फिरवा. चांगला पंखा सहज फिरून हळूहळू थांबतो. गेलेला एक-दीड फेरीत अडखळतो. पात्यांचा मधला भाग धरून पुढे-मागे आणि आडवा हलवा. पुढे-मागे किंचित हलणारच, पण आडवा हलला तर बुश संपलं.

आणि कुणी मागच्या स्टिकरखाली शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब सोडायला सांगेल. मीही सोडलाय. काही दिवस गप्प बसतो, मग पुन्हा पहिले पाढे. गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच मारू नका, तो उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो.

इंदिरानगरची काकू

मशिन धाड धाड वाजतं ते चालतं आणि पंख्याची घूं चालत नाही? कमाल आहे. खेळून झालं की भिंतीवरचं बटण बंद करा. आमच्याकडे मिक्सरला तोच नियम आहे.

फ्लिपरवाला

काकू, दणका आपण मारतो म्हणून गोड लागतो. घूं आपण मागितलेली नसते. बटणाचं म्हणाल तर दोन डावांच्या मध्ये कुणी बंद करत नाही, कॉम्प्युटर पुन्हा जागा होईपर्यंत पोरं पळून जातात. पण रात्री बंदच असतं.

फिटरसाहेब, संध्याकाळी फिरवून बघतो.

पेटीवाले बुवा

मी हार्मोनियम शिकवतो, पिनबॉल कधी खेळलो नाही. पण हा धागा माझाच आहे.

फ्लिपरवाले, पंख्याची पाती मोजा. बऱ्याच पंख्यांना सात असतात. प्रत्येक फेरीत सात पाती एकाच आडकाठीसमोरून जातात, म्हणजे हवेला सात धक्के. पंखा मिनिटाला २,००० फेऱ्या मारत असेल तर सेकंदाला ३३ च्या वर, गुणिले सात, आले २३३. हार्मोनियमवर २३३ म्हणजे काळी पाच (पाचवी काळी पट्टी), अगदी सुरात! तुमच्या घरात दिवसभर कुणीतरी काळी पाचचा सूर धरून बसलंय. बाबांना झोप कशी येणार?

उपाय मला सुरातच दिसतो. वेग १,५०० वर आणा, सूर उतरून १७५ वर येतो. ती पांढरी चार. खालचा सूर कानाला कमी टोचतो, शिवाय आवाजही उतरतो. आणि पंख्यासमोर पत्र्यात कापलेली जाळी असेल तर ती काढून गोल तारांची लावा. पत्र्याच्या कडांवर हवा फाटते, तिची वेगळी शिटी असते. भात्याची फट जशी सुसू करते तसं.

रात्रपाळी

बुवा जिंदाबाद. वेग कमी करायला खर्च शून्य. पंख्याची लाल वायर १२ व्होल्टला, काळी वायर ग्राउंडऐवजी (शून्य व्होल्टऐवजी) ५ व्होल्टला. मध्ये उरले ७ व्होल्ट. मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये केलंय. एकदम गार.

वायरमन (आयटीआय)

रात्रपाळी, तुमचं लग्न झालंय का? घरच्यांना सांगून हे उद्योग करा.

७ व्होल्टच्या जुगाडात पंख्याचा करंट परतीला ५ व्होल्टच्या लाइनमध्ये घुसतो. त्या लाइनवर दुसरा लोड पुरेसा असेल तर तो करंट पिऊन टाकतो आणि तुम्ही वाचता. नसेल तर ५ चे साडेपाच-सहा होतात, आणि त्या लाइनवर काय बसलंय? मशिनचा मेंदू. शिवाय वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर १२ सरळ ५ ला भेटतात. काही पंखे ७ व्होल्टवर फिरत राहतात पण थंड असताना सुरूच होत नाहीत, हेही लक्षात घ्या.

वेग कमी करायचाच असेल तर पंख्याच्या वायरीत रेझिस्टर (करंट अडवणारा छोटा भाग) टाका. पंखा १२ व्होल्टला ०.१५ ते ०.२ अँपिअरचा असेल तर २७ ओहम लावून बघा. त्यावर साधारण ४ व्होल्ट पडतात, अर्ध्या वॉटच्या वर उष्णता होते, म्हणून २ वॉटचा घ्या. पाव वॉटचा लावलात तर आवाज थांबेल आणि वास सुरू होईल.

पण मुळात मी वेग कमी करायच्याच विरोधात आहे. वेग तीन चतुर्थांश केला तर हवाही तीन चतुर्थांशच फेकली जाते. आवाज सहा-एक डेसिबल पडतो, छान वाटतं. आत काय होतं ते दिसत नाही. बोर्डावरच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या छोट्या डबीचा) ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. नाशिक थंड म्हणायचे दिवस गेले. मे महिन्यात बाहेर ४०, बंद पेटीत किती? त्यात सिंहस्थाच्या कामांची खोदाई, घरात पिठासारखी धूळ. बोर्डावर धुळीची गोधडी आणि वर पंखा हळू. कंपनीने पंखा शोभेला नाही लावलेला.

आणि एक, घूं पॉवर सप्लायच्या डब्यातून येत असेल तर डबा उघडू नका. २३० व्होल्टचा आतला साठा ३२५ व्होल्ट डीसीपर्यंत जातो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ टिकतो. तो पूर्ण डबाच बदलायचा असतो.

जुनं ते सोनं

पंखाच काढून टाका. १९७०-८० च्या दशकातल्या मशिनी पंख्याविना चालायच्या. तेव्हाही उन्हाळा होताच की.

वायरमन (आयटीआय)

तेव्हा त्यांच्या डोक्यात आजच्यासारखा तापणारा कॉम्प्युटर नव्हता. उष्णता मात्र होती. ६.३ व्होल्ट, पाव अँपिअरचे ते पिवळे बल्ब, एकेक दीड वॉटचा. असे पन्नास लावले की ऐंशी वॉटची शेगडी. त्या धगीने मागच्या काचेवरच्या चित्राचे पापुद्रे निघायचे. हौशी लोक ती काच जपायला आता एलईडी लावतात. सोनं नव्हतं हो, भाजत होतं.

सातपूरचा फिटर

वायरमन, हळू पंखा म्हणजे कमी हवा हे एकाच पंख्याला लागू. पात्यांचा घाट बदलला की हिशेब बदलतो. चांगल्या घडणीचा ८० चा पंखा कमी फेऱ्यांतही जुन्याइतकी हवा फेकू शकतो. म्हणूनच बदला म्हणतोय, हळू करा असं नाही. फक्त चार गोष्टी बघून घ्या: जाडी २५ मिलिमीटर, चौकटीवरच्या बाणाची दिशा, कागदावरचा हवेचा आकडा जुन्याच्या खाली नको, आणि वायरी किती. जुन्याला तीन असतील तर तिसरी फेऱ्या मोजायची असते. बोर्ड तिच्याकडे बघत असेल आणि तुम्ही दोन वायरींचा लावलात, तर पंखा मजेत फिरतोय आणि मशिन ओरडतंय ‘पंखा बंद’ असा तमाशा होतो.

बेअरिंगचं मात्र ऐका. बॉल बेअरिंग टिकाऊ, पण नव्यातही थोडं कुरकुरतं. तेलाच्या पडद्यावर फिरणारं फ्लुइड बेअरिंग गप्प असतं. हॉलसाठी तेच.

फ्लिपरवाला

दोन आठवड्यांनी हजर.

आधी हार. फिटर बरोबर होते. पंखा दीड फेरीत अडखळला, आणि मधला भाग आडवा हलवला तर टक टक वाजला. बुश गेलंच होतं. एम.जी. रोडवर तीन दुकानं फिरलो. दोघांनी कॉम्प्युटरचा रंगीत दिव्यांचा पंखा गळ्यात मारायचा प्रयत्न केला. तिसऱ्याकडे फ्लुइड बेअरिंगवाला मिळाला, तीन वायरींचा, १,५०० फेऱ्यांचा.

वायरमनच्या धाकाने फिश टँकमध्ये लावतात ते डिजिटल थर्मामीटर आणलं, त्याची वायर बॅकबॉक्समध्ये बोर्डाच्या वर सोडली. हॉल ३३ अंश असताना तासभर खेळून आत जुन्या पंख्याने ४४, नव्याने ४५. मग मशिन भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. आधी पाठ भिंतीला जवळपास चिकटलेली होती, पंखा भिंतीवरच फुंकत होता. त्यानंतर ४२! आवाजही उतरला, कारण गुदमरलेला पंखा जास्त ओरडतो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आता माझा मुद्दा. नवाकोरा पंखा आधी मुद्दाम ट्यूब न घालता, थेट स्क्रूने आवळून लावला. घूं आलीच. जुन्यापेक्षा कमी, पण तीच काळी पाच. ट्यूब आणि झिप टाय घातल्यावर गप्प झाली. म्हणजे पेटी वाजतेच, निरोगी पंख्यालाही वाजते.

सातपूरचा फिटर

कमी वाजली ना? झालं तर मग. आणि ट्यूबचं रबर पेटीतल्या गरमीत वर्षा-दोन वर्षांत कडक होऊन तडकतं. सिलिकॉनच्या पिना (स्क्रूऐवजी पंखा धरणाऱ्या मऊ खुंट्या) लावा, नाहीतर दर दिवाळीला ट्यूब कापत बसा.

वायरमन (आयटीआय)

४५ आणि ४२ हे आताचे आकडे. मे महिन्यात परत टाका, मग बोलू. तोपर्यंत माझा विरोध नोंदवून ठेवा.

इंदिरानगरची काकू

एवढं करून भिंतीपासून ओढायचंच होतं तर. सोफा परत आत येतोय का?

फ्लिपरवाला

काकू, हातभर जागा अजून गेली. विषय काढू नका.

पेटीवाले बुवा

थांबा थांबा. नव्या पंख्याला पाती किती?

फ्लिपरवाला

नऊ.

पेटीवाले बुवा

नऊ पाती, १,५०० फेऱ्या. सेकंदाला पंचवीस गुणिले नऊ, २२५. ती काळी पाच नव्हे हो, पांढरी सहा, तीही जराशी चढी. मंगळवारी संध्याकाळी क्लासला या, कान तयार करून देतो.