विषय: लेकीसाठी पुढची फ्लूट

नमस्कार मंडळी,

सुट्टीत लेकीला घेऊन परदेशातून सांगलीला माहेरी आले आहे. ती तिथल्या शाळेच्या बँडमध्ये तीन वर्षं फ्लूट, म्हणजे धातूची पाश्चात्य बासरी, वाजवते आहे. सध्याची फ्लूट दुकानातून भाड्याने घेतलेली, बंद कीजची, म्हणजे भोकांवर अख्खी झाकणं असलेली. हायस्कूलच्या आधी एक पायरी वरची घ्या, असं बँडच्या सरांनी सुचवलं आहे. बघायला गेले तर ओपन होल, ऑफसेट जी, बी फूट, स्प्लिट ई... डोकं गरगरायला लागलं. किमती हजार डॉलरपासून तीन हजारांपर्यंत. एका मैत्रिणीने ऑनलाइन तीनशेची दाखवली, तीही ओपन होलची. द्यायचेच आहेत पैसे, तर सगळी चांदीचीच घ्यावी का? कुणी घेतली असेल तर कृपया सांगा.

– विश्रामबागची लेक

---

अगं, मीही निवृत्तीनंतर सांगलीतच आहे. तिकडे असताना बरीच वर्षं हौशी बँडमध्ये फ्लूट वाजवली, म्हणून लिहितो.

आधी चांदीचं. तिच्या हातात आहे ती बहुधा निकेल सिल्व्हरची असेल, म्हणजे आपल्याकडचं जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल आणि जस्त. चांदी असलीच तर वरच्या मुलाम्यात. यामाहाचं उदाहरण घे. 200 क्रमांकाच्या मालिकेत असं असतं, 300 मध्ये हेडजॉइंट, म्हणजे फुंकायचा वरचा तुकडा, स्टर्लिंगचा, म्हणजे 92.5 टक्के चांदीचा होतो, आणि 400 मध्ये पुढची नळीही. तिच्यासाठी मधली पायरी पुरे. सूर जन्मतो तो हेडजॉइंटमध्ये. फुंकरीच्या भोकाची कड कशी कापली आहे, त्यावर आवाज ठरतो. माझ्या मुलाच्या वेळी मी चांदीचं वजन बघून फ्लूट घेतली. खालचा सा म्हणावा तसा सी त्याला वर्षभर धड लागला नाही, आणि पोरगं स्वतःलाच दोष देत राहिलं. ते मला आजही बोचतं.

ओपन होल, म्हणजे झाकणांना मधे भोकं असलेली, जरूर घे. बोट जरा तिरकं पडलं की हवा निसटते, त्यामुळे हात वळणावर येतो. सुरुवातीला भोकांत बुचं घालता येतात. एकेक काढत जायचं, डाव्या हाताच्या अनामिकेचं सगळ्यात शेवटी. त्याच बोटासाठी ऑफसेट जी बघ, त्यात जीची की ओळीतून जराशी बाहेर असते, लहान हाताला ताण कमी पडतो. स्प्लिट ई असेल तर तिसऱ्या सप्तकातला ई फाटत नाही. बी फूटने, म्हणजे टोकाच्या जरा लांब तुकड्याने, अर्धा स्वर खाली जाता येतं, पण टोकाला वजन वाढतं. तिचा खांदा भरून येत असेल तर त्याचा हट्ट नको. तीनशेवालीच्या नादी लागू नकोस. तसल्या फ्लूटच्या कीज लवकर वाकतात, सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्तीवाले हात लावत नाहीत.

आता माझं एक ऐक. लेकीला मिरजेला सतारमेकर गल्लीत घेऊन जा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तेवढ्यासाठी नाही. तिथे जवारी, म्हणजे तारेमागची गुंज, काढताना तिला बसव. घोडीवर तार टेकते ती जागा कानशीने जराशी घासायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, परत उतरवायची. कान हो म्हणेपर्यंत. फ्लूट निवडायचीही रीत हीच आहे. तिकडची दुकानं काही दिवस घरी वाजवायला देतात. तीन आण. एकाच खोलीत, त्याच आठ ओळी, आधी खालचे स्वर अगदी हळू, मग वरचा ई. तू तिच्याकडे पाठ करून बस, किंमत तिला सांगू नकोस. स्वर मोजायचा ट्यूनर शेवटी लाव.

– काका

---

काका,

काल जाऊन आलो. तासभर ती हलली नाही. कारागिरांनी एकदा तंबोरा तिच्या हातात दिला आणि "आता कळतंय का फरक?" असं विचारलं. तिने डोळे मिटून तार छेडली आणि "आता मागे गुंजतंय" म्हणाली. रिक्षात बसल्यावर मला म्हणते, माझ्या फ्लूटच्या खालच्या सीच्या मागे असं काहीच नाही.

रात्रीच तिकडच्या दुकानाला लिहिलं. तीन फ्लूट आठवड्यासाठी देणार आहेत, सगळ्या ओपन होल, ऑफसेट जी. एकीला तेवढा बी फूट. आजवर भरलेल्या भाड्यातली काही रक्कम नव्या खरेदीत वळती होते, हेही कळलं. विचारलं नसतं तर ते पैसे गेलेच असते, म्हणून इतर आईवडिलांसाठी इथे लिहून ठेवते. जुन्या फ्लूटऐवजी एखादी साधी वापरलेली घेऊन चालत वाजवायच्या मार्चिंग बँडसाठी तिला देणार आहे. उन्हापावसात कीजखालचे पॅड फुगतात, तिथे नवी न्यायची नाही, हे तिनेच ठरवलं.

परत गेल्यावर पाठ करून बसायचं काम माझं. कोणती ठरली ते कळवतेच.

– विश्रामबागची लेक