मदत हवी आहे: रजेवरून उशिरा हजर झालेल्या सैनिक भावाचं कोर्ट मार्शल होईल का?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ सैन्यात शिपाई आहे. रजा संपायला दोन दिवस उरले असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. घरात दुसरं कर्तं माणूस नाही, माझं बाळ सहा महिन्यांचं. त्याने युनिटला फोन करून कळवलं, पण रजा वाढवून मिळाल्याचं लेखी काही आलं नाही. वडिलांना घरी आणून तो निघाला, तोवर १९ दिवस उलटले होते.

मधल्या काळात पोलीस पाटील येऊन त्याच्या नावाचा कागद ठाण्यात आल्याचं सांगून गेले. ‘भगोडा’ हा शब्द आईच्या कानावर पडला, तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. आता सोमवारी सीओ साहेबांपुढे (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) त्याची पेशी आहे.

आर्मी ॲक्ट १९५० वाचला. कलम ३८ म्हणजे पळून जाणं, त्याला ७ वर्षांपर्यंत कैद, आणि ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (युद्ध किंवा लष्करी कारवाईवर) असेल तर मृत्युदंडापर्यंत. कलम ३९ म्हणजे रजेवरून उशीर, ३ वर्षांपर्यंत. ह्याला कोणतं लागेल? आम्ही इथून काय करू शकतो? सैन्यात राहिलेल्यांनी कृपया सांगावं.

उत्तर (निवृत्त सुभेदार):
ताई, आधी आईंना सांगा, मुलगा आपल्या पायांनी हजर झालाय. ३८ लावायला परत न येण्याचा, किंवा एखादी महत्त्वाची ड्युटी चुकवण्याचा इरादा दिसावा लागतो. तुमचं प्रकरण ३९ चं आहे. पोलिसांकडचा कागद म्हणजे ॲप्रिहेन्शन रोल, माणूस आला नाही की त्याला शोधून ताब्यात घ्या म्हणून युनिट तो पाठवतं. तो गुन्हा शाबीत झाल्याचा कागद नव्हे. गैरहजेरीची कोर्ट ऑफ इन्क्वायरी (चौकशी) ३० दिवसांनंतर बसते, तिथवर गोष्ट गेलेली नाही.

सीओ कलम ८० खाली स्वतः शिक्षा देऊ शकतात: २८ दिवसांपर्यंत कैद, लाइन्समध्ये बंदी (युनिटच्या वसाहतीबाहेर जायला मनाई), १४ दिवसांच्या पगाराइतका दंड. कैद झाली तर सेवापत्रकात लाल शाईची नोंद होते, ती पुढे नडते. समरी कोर्ट मार्शल, म्हणजे सीओंनी स्वतः चालवायचं झटपट कोर्ट मार्शल, घेतलं तर लेफ्टनंट कर्नल हुद्द्याचे सीओ एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फीही देऊ शकतात.

आता नीट ऐका. ३९ मध्ये ‘पुरेशा कारणाशिवाय’ असे शब्द आहेत. आपली पोरं पेशीला उभी राहिली की ‘गलती हो गई साब’ म्हणून मान खाली घालतात आणि कारण तोंडातच राहतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, फार वाईट वाटतं. आर्मी रूल २२ प्रमाणे त्याला साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात, स्वतःचे साक्षीदार आणता येतात. त्याने ते करावं. दवाखान्यात भरती केल्याचा आणि डिस्चार्जचा कागद, स्कॅनचा रिपोर्ट, युनिटला केलेल्या फोनची नोंद, सगळं पाठवा. कोर्ट मार्शल झालंच तर मदतीला वकील किंवा दुसरा माणूस घेता येतो. बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली तर दाद मागायला मुंबईला सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे.

धागाकर्ती:
काका, वाचून आईने आज भाकरी खाल्ली. कागदांचे फोटो आत्ताच पाठवते, मूळ प्रती स्पीड पोस्टने. घरात दुसरं कर्तं माणूस नसल्याचा दाखला सरपंचांचा चालेल की तहसीलदारांचाच लागेल?